सुट्या फळ्यांचें कपाट आणि वेळेचा अंदाज

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी मराठींत म्हण आहे. या दोन्ही कार्यांत पैशाचा व वेळेचा अंदाज हटकून चुकतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तींत सांठविलेला आहे. अलीकडे या दोहोंच्या पंक्तीस बसण्याजोगें तिसरें एक काम मध्यमवर्गीय घरांत शिरलें आहे. सुट्या फळ्यांच्या रूपानें खोक्यांत बंद होऊन येणारें मोठें कपाट घरच्या घरीं जोडणें, हेंच तें काम होय.

हिरण्यकेशीच्या कांठच्या गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गांवीं एके काळीं कपाट हवें असलें म्हणजे सुतारास बोलावीत. तो सोप्यांत बसून सागवानी फळ्यांवर रंधा फिरवी, आणि ‘आठ दिवसांत देतों’ म्हणून महिन्याभरानें काम पुरें करी. तथापि त्या दिरंगाईचा बोल सुताराला लागे. पुढें पोलादी कपाटें आलीं. तीं कारखान्यांतूनच तयार होऊन येत. हमालांनीं भिंतीशीं आणून ठेवलीं कीं काम संपे. नव्या तऱ्हेच्या कपाटानें मात्र सुताराचें काम आणि त्याबरोबर सुताराचा वायदाही घरधन्याच्या माथीं मारला आहे.

लांकडी सामान सुटें करून धाडण्याची युक्ति तशी जुनी आहे. थोनेट यांच्या कारखान्यानें १८५९ सालीं काढलेली १४ क्रमांकाची खुर्ची सहा लांकडी तुकड्यांची असे, आणि अशा छत्तीस खुर्च्या एक घनमीटर खोक्यांत मावत. १९५६ च्या सुमारास स्वीडनमधील आयकिया कंपनीनें पाय सुटे केलेलीं मेजें सपाट खोक्यांतून विकण्याची पद्धत उचलली. तिचें भारतांतील पहिलें दुकान २०१८ मध्यें हैदराबादेस व महाराष्ट्रांतील पहिलें २०२० मध्यें नव्या मुंबईंत उघडलें. या पद्धतींत मालमोटारींतून रिकामी हवा वाहून न्यावी लागत नाहीं, म्हणून वस्तु स्वस्त पडते. परंतु कारखान्यांत वांचलेले श्रम नाहींसे होत नाहींत. ते गिऱ्हाइकाच्या घरीं जाऊन पोंचतात.

उदाहरणादाखल तीन दारांचें, दोन खणांचें, २३६ सेंटीमीटर उंच व ६० सेंटीमीटर खोल असें कपाट घ्यावें. कामास दोन माणसें आहेत व दोघांनाही तें नवें आहे. जागा मोकळी करून खोकीं उघडणें, फळ्या ओळखणें आणि स्क्रू व लांकडी खुंट्या यादीबरहुकूम मोजणें यांस पाऊण तास धरावा. सांगाडा जोडण्यास दीड तास, पाठीची पातळ फळी ठोकण्यास अर्धा तास, कपाट उभें करून भिंतीस जखडण्यास चाळीस मिनिटें, दोन खणांस पन्नास मिनिटें, तीन दारें लावून बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवीत तीं एका रेषेंत आणण्यास सव्वा तास, आणि पुठ्ठे आवरण्यास अर्धा तास. बेरीज बरोबर सहा तास भरते. घरधनी मनांत जो हिशेब करतो त्यांत बहुधा सांगाडा आणि दारें एवढींच असतात. त्यांचे पावणेतीन तास होतात, आणि ‘जेवून बसलों तर चहापर्यंत उरकेल’ असें तो निःशंकपणें सांगून मोकळा होतो.

याशिवाय दोन अडचणी अशा आहेत कीं त्या आधीं दिसत नाहींत. पहिली छताची. जमिनीवर आडवें जोडलेलें कपाट उभें करितांना त्याची उंची नव्हे, तर त्याच्या बाजूचा कर्ण छतास अडतो. वरील कपाटाचा कर्ण सुमारें २४३.५ सेंटीमीटर भरतो. माळ्याखालच्या खोलीची उंची २४० सेंटीमीटर असली तर कपाट तींत मावेल, परंतु उभें राहणार नाहीं. तें उलगडून उभ्यानेंच पुन्हां जोडावें लागेल. दुसरी अडचण काटकोनाची. पाठ ठोकण्यापूर्वीं सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत कीं नाहींत हें पाहावें. हें काम पांच मिनिटांचें आहे. पण तें टाळल्यास वांकडेपणा दोन तासांनीं दारें लावितांना उघडा पडतो.

अंदाज चुकतो तो आळसामुळें नव्हे. डॅनियल काहनमन व एमॉस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं या प्रवृत्तीचें विवेचन केलें. मनुष्य आपल्या कामाचें चित्र मनांत रंगवितो, आणि त्या चित्रांत हरवलेला स्क्रू, उलटी बसलेली फळी किंवा गेलेली वीज कधींच नसते. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत विद्यार्थ्यांना त्यांचे प्रबंध केव्हां पुरे होतील असें विचारलें होतें. त्यांचा सरासरी अंदाज सुमारें ३४ दिवसांचा होता. सारें कांहीं बिघडलें तर किती, या प्रश्नाचें उत्तर सुमारें ४९ दिवस होतें. प्रत्यक्षांत लागले सुमारें ५५ दिवस. म्हणजे त्यांची निराशादेखील आशावादीच होती.

यावर उपाय दोन. पहिला असा कीं ‘हें कपाट किती वेळांत व्हावें’ असें न विचारतां ‘असें कपाट ज्यांनीं जोडलें त्यांना किती वेळ लागला’ असें शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारावें. दुसरा उपाय अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या योजनेंतून १९५८ च्या सुमारास पुढें आला. सर्वांत कमी वेळ, संभाव्य वेळाची चौपट आणि सर्वांत अधिक वेळ यांची बेरीज करून तिला सहांनीं भागावें. कमींत कमी चार तास, संभाव्य सहा आणि अधिकांत अधिक चौदा धरल्यास उत्तर सात तास येतें. चौदा हा आंकडा भयंकर वाटेल, परंतु तो अवास्तव नव्हे. गडहिंग्लजच्या बाजारांत खिळे, स्क्रू, बिजागऱ्या मिळतील. पण दोन फळ्यांस आवळणारी त्याच मापाची चकती कमी निघाली, तर तिच्यासाठीं कोल्हापूर किंवा बेळगांव गांठण्याचा प्रसंग येऊं शकतो.

चार तास अधिक लागले म्हणून काय बिघडलें, असें कोणी श्रोता म्हणेल. बिघडतें तें असें. दुपारीं आरंभिलेलें काम रात्रीं नऊ वाजतां अपुरें असतें, कपडे पलंगावर ढिगानें पडलेले असतात आणि मुलें पेंगुळलेलीं असतात. अशा वेळीं जें काम डोळ्यांना दिसत नाहीं तेंच नेमकें गाळलें जातें. तें काम म्हणजे कपाट भिंतीस जखडणें. त्यास ड्रिल काढावें लागतें, भोंक पाडून गिट्टी ठोकावी लागते. भिंत जुन्या मातीची असली तर गिट्टी धरत नाहीं व निराळी तजवीज करावी लागते. ‘उद्यां करूं’ म्हणून कपडे आंत जातात, आणि तो उद्यां उगवत नाहीं. भिंतीस न जखडलेलीं खणांचीं कपाटें अंगावर कोसळून लहान मुलें दगावल्यानंतर, २०१६ सालीं अमेरिकेंत आयकियाचे सुमारें २ कोटी ९० लक्ष नग परत बोलाविण्यांत आले. जड सामानाचा खण ओढून त्यावर पाय देणारें मूल गडहिंग्लजमध्येंही असतें.

म्हणून काम सकाळीं आरंभावें आणि हाताशीं सात तास ठेवावे. सांगाडा उभा होतांच, खण व दारें लावण्यापूर्वीं, तो भिंतीस जखडावा. त्यानंतर दिवस मावळला तरी चिंता नाहीं. दारांवांचून कपाट एक रात्र खुशाल राहूं शकतें; भिंतीच्या आधारावांचून मात्र तें एक रात्रही राहूं देऊं नये.