हाताला काय लागलं?
(आकाशवाणीवरील भाषण)



'व्हिडिओ गेम आणि समीक्षा' हा आजचा विषय ऐकून काही घरांत रेडिओचा आवाज आत्ताच बारीक झाला असेल. मोठा करा. थोड्या मिनिटांचा प्रश्न आहे. मला सांगायची आहे ती गोष्ट एकच आहे आणि ती मी दोन-तीनदा सांगणार आहे, म्हणजे मधेच कुणी कुकर बंद करायला उठलं तरी हुकायला नको.

गोष्ट अशी. गेम चांगला की वाईट हे ठरवताना आधी विचारा, हाताला काय लागलं? तो किती तास चालतो हे नंतर. कुणी केला, कुठल्या गावात केला, हे त्याच्याही नंतर.

आता हे 'राजी' या गेमला लावून पाहतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' तुमच्यापैकी तरुण मंडळींना माहीत आहे. श्रुती घोष, अविचल सिंग, इयन मॉड ही त्यामागची माणसं. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी काम सोडलं नाही. १८ ऑगस्ट २०२० ला, कोविडच्या ऐन दिवसांत, गेम निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरात बाकीच्या यंत्रांवर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. बक्षीस 'फॅस्मोफोबिया'नं नेलं.   

राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या जत्रेत असुर येतात, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात आणि ती दुर्गेचा त्रिशूळ घेऊन निघते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत तिच्याबद्दल आपसांत बोलत राहतात, घरातली मोठी माणसं ओसरीवर बसून बोलतात तसे. ती भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेऊन शत्रूच्या अंगावर येते. कॅमेरा लांब उभा, त्यामुळे महाल प्रचंड आणि पोरगी मुंगीएवढी. वाट एकच, मोकाट भटकायला जागा नाही. अंगणात शिरलं की दारं बंद, सगळे असुर संपवले की दारं उघडी. ही वीसेक वर्षांपूर्वीच्या गेमची रीत आहे. हल्ली याला रेट्रो म्हणतात. करणाऱ्यांनीही 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चं ऋण लपवलेलं नाही.

परीक्षणं काय म्हणाली? चित्रं सुंदर, संगीत सुंदर, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेले कथेचे तुकडे फारच सुंदर. मग 'पण'. पण लढाई अडखळते. पण शेवट तुटल्यासारखा आहे. आणि पण पाच-सहा तासांत संपतो. यातल्या पहिल्या दोन तक्रारी समीक्षेच्या आहेत, त्यांच्याकडे येतोच. तिसरी तक्रार वाण्याच्या तराजूची आहे आणि माझं भांडण तिच्याशी आहे.

जॉर्डन मेकनरचा मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ चा. आपल्याकडे कितीतरी कॉम्प्युटर क्लासमध्ये तो फ्लॉपीवरून शिरला आणि सरांची पाठ फिरली की सुरू व्हायचा. त्यात राजकन्येला सोडवायला मिळायची साठ मिनिटं. सगळा गेम एका तासाचा! आणि ते साठ मिनिटांचं काम जमायला पोरांचे महिनेच्या महिने जायचे. कारण उडी कडेला आल्याशिवाय मारायची नाही, फार पुढे गेलं तर खाली सुळे, हे बोटांना शिकायला वेळ लागतो. धावता धावता थांबलेला राजपुत्र एकदम थांबत नाही, पाय घसरवत थांबतो. मेकनरनं स्वतःच्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवली. ती गोष्ट आपल्याला ठाऊक नसली तरी हाताला कळते. मी म्हणतो ते हेच.

दुसरं उदाहरण तर तुमच्या तालुक्याच्या गावचंच असेल. एसटी स्टँडच्या आसपासचं व्हिडिओ गेम पार्लर आठवा आणि त्यातला 'मुस्तफा'. कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढलेल्या त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते कुणाच्या तोंडी बसलंच नाही. पिवळी टोपी घालून उडी मारून लाथ घालणारा मुस्तफा पोरांना आवडला आणि अख्खा गेम त्याच्या नावावर झाला. माझ्या मते आपल्याकडची गेमची पहिली समीक्षा तीच. नाणं कुठल्या यंत्रात पडतं आणि रांग कुणापुढे लागते, यावरून निकाल लागायचा. हात बसलेला गडी एका रुपयात आठही टप्पे पार करायचा, पाऊण-एक तासात खेळ खलास. गेम लहान आहे म्हणून पैसे परत मागितले कुणी?

कुकर बंद करायला उठलेल्यांसाठी परत सांगतो. हाताला काय लागलं, हे आधी. तास नंतर.

आता आपल्या नगर जिल्ह्याच्या भाषेत सांगतो. आपण हुरड्याची माणसं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठीच ज्वारीचे वेगळे वाण काढले, 'फुले उत्तरा', 'फुले मधुर'. का काढले? हुरड्याच्या ज्वारीकडे मागणंच वेगळं असतं. दाणा कोवळा, गोड हवा आणि भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं की तो कोंड्यातून अलगद सुटायला हवा. आता अशा रानात आगटीपाशी एक पाहुणा येऊन बसतो. समोर गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. आणि हा विचारतो, "एकरी उतारा किती पडतो हो?" बाबा रे, उतारा मोजायचा तर धान्याच्या रानात जा, तिथे तो प्रश्न शोभतो. इथे हात पुढे कर, चटका सोस आणि चव सांग. दाणा सुटत नसेल तर तसं सांग, निबर झाला असेल तर बेलाशक नाव ठेव. ते ऐकायला शेतकरी तयार असतो. पण पोतं भरलं नाही ही हुरड्यावरची टीका होऊ शकत नाही.

दुसरा पाहुणा त्याच्याहून अवघड. तो हुरड्याला हातच लावत नाही. शेतकऱ्याच्या गळ्यात हार घालतो, फोटो काढतो, "आपल्या मातीतला माणूस!" म्हणतो आणि गाडीत बसतो. कणीस आगटीत जळून जातं.

हा दुसरा पाहुणा म्हणजे आपण. 'राजी' आला तेव्हा मराठीत जे माझ्या वाचनात आलं ते बहुतेक असं होतं : पुण्याच्या तरुणांची झेप, जगात डंका, आपल्या पुराणांवर गेम. छान आहे, अभिमान मलाही वाटला. पण खेळून पाहिलं कुणी? त्रिशूळ फिरवताना जडपणा जाणवतो का, उडी चुकली तर चूक आपली वाटते की गेमची, हे लिहिलं कुणी? जरा रागानं बोलतोय, पण राग आपल्याच माणसांवर करायचा असतो. नगर हे नाटकाचं गाव. महाकरंडक स्पर्धेला राज्यभरातून एकांकिका येतात आणि प्रयोग संपल्यावर चहाच्या टपरीवर पोरं एकमेकांच्या प्रयोगाची जी चिरफाड करतात, ती ऐकावी. तिथे "आपल्या कॉलेजचा आहे" म्हणून कुणी कुणाला सोडत नाही. ही धार आपल्याकडे आहे. गेम म्हटलं की ती कुठे जाते?

आणि नुकसान दोन्हीकडून होतं. परदेशी परीक्षकांनी सावल्यांच्या बाहुल्यांचं कौतुक केलं, ठीक. पण सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवतात. तो खेळ पाहिलेल्या मराठी समीक्षकाला इथे वेगळं बोलता आलं असतं. पिंगुळीची बाहुली दिव्यापासून जराशी हलली की पडद्यावर तिची सावली मोठी होते, कड विरघळते, थरथरते. गेममधली बाहुली स्वच्छ, रेखीव. तिच्यामागे दिवा धरलेला माणूस जाणवतो का? मला थोडा कमी जाणवला. ही तक्रार तासांच्या तक्रारीपेक्षा मोलाची नाही का? करणाऱ्यांच्या कामाचीही आहे.

माझा स्वतःचा निकाल विचाराल तर, खांबाची गिरकी आणि भिंतीवरची धाव यांत 'राजी' खरा फुलतो. सर्कशीतली पोरगी आहे हे कथेत सांगावं लागत नाही, बोटांना कळतं. भिंतीवर मंडलं फिरवून जुळवायची कोडी सोपी आहेत, पण लढाईनंतर हात निवायला बरी. लढाईत मात्र बटण दाबणं आणि राजीनं बाजूला होणं यांत बारीकसा उशीर आहे. मोठ्या असुरापुढे तो नडतो आणि मग हरल्यावर स्वतःऐवजी गेमचा राग येतो. राजपुत्राच्या उडीत ते होत नव्हतं. परीक्षकांची ही तक्रार मला मान्य आहे. करणाऱ्यांनाही ती पटली असावी, कारण २०२२ मध्ये त्यांनी सुधारलेली आवृत्ती आणली, लढाईवर पुन्हा काम केलं, हिंदी आवाजही दिला. आधीची परीक्षणं मात्र जुन्या आवृत्तीची, ती आहेत तशीच राहिली. आज गेम घेणारा माणूस २०२० चा निकाल वाचतो. हा एक वेगळाच घोळ आहे, त्यावर सवडीनं बोललं पाहिजे.

शेवटाचं म्हणाल तर तो तुटलेला आहे, हे खरंच. वाढलेलं ताट पुढून ओढून घेतल्यासारखं वाटतं. पण यातसुद्धा फरक करा. 'लवकर संपला' हे घड्याळाचं म्हणणं झालं. 'राजीनं इतका वेळ जे शिकून घेतलं ते वापरायच्या आतच संपला' हे हाताचं म्हणणं. दुसरं वाक्य लिहा, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन.

स्टुडिओच्या काचेपलीकडून बाई बोट दाखवतायत, एक मिनिट म्हणून. तेवढ्यात आईवडिलांना एक सांगतो. पोरगं मोबाईलवर खेळत असेल तर "किती वेळ झाला" हे विचारायलाच हवं, तो तुमचा हक्क आहे. पण त्याच्या जोडीला कधी "यात चांगलं काय आहे, दाखव" असंही म्हणा. आणि पोरांनो, "भारी आहे" एवढ्यावर सुटका नाही. उडी कशी आहे, मार बसला की कळतं का, हरल्यावर परत खेळावंसं वाटतं का, चार ओळी मराठीत लिहून काढा. कॉलेजच्या वार्षिक अंकाला द्या. संपादक परत करतील, तर पुन्हा द्या.

कॅमेऱ्याबद्दल बोलायचं राहिलंच. लांबचा कॅमेरा ठेवला की महाल दिसतो पण त्रिशुळाचं टोक नेमकं कुठे लागलं ते दिसत नाही, आणि हाताला जे लागतं त्याचा अर्धा भाग डोळ्यावर असतो, तेव्हा लढाईतली ती अडखळ बटणाची की कॅमेऱ्याची हे तपासायचं तर... बरं, बाईंनी दिवा लावला.