७० टक्के म्हणजे नक्की किती?

उभी नोकरी बँकेत टक्केवारी बघण्यात गेली. पण अँजिओग्राफीनंतर ‘७० टक्के ब्लॉकेज’ ऐकलं आणि पाय लटपटले. सौ.नी तर एफडी मोडायला काढली. डॉक्टर म्हणाले, “काका, ही नुसती सावली. रक्त पुढे किती जातं ते मोजू.” दाब मोजणारी बारीक तार अडथळ्यापलीकडे नेली, औषधाने रक्तप्रवाह वाढवला. पलीकडच्या दाबाला अलीकडच्या दाबाने भागायचं, हा एफएफआर. ०.८० किंवा कमी आला तर सहसा स्टेंटचा विचार. माझा आला ०.८६! एफडी वाचली, गोळ्या आणि सकाळचं चालणं मात्र सुटलेलं नाही. छातीत अचानक कळ आली तर हिशेब करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. पण तब्येत स्थिर असेल, तर सही करण्याआधी विचारा, “डॉक्टर, दाब मोजून बघायचा का?”