‘हाय-हँडेड’ : एका विशेषणाचा अभ्यास



वसंत व्याख्यानमालेत भाषेवर बोलायला पंडितांना बोलवावे, अशी रीत आहे. मी नववीत शाळा सोडून लेथवर उभा राहिलेला माणूस. मी एका इंग्रजी विशेषणावर बोलणार, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. पण आमच्या चळवळीत इंग्रजी कोणी हौसेने शिकत नाही. आरोपपत्र इंग्रजीत येते, म्हणून ती शिकावी लागते. खिशात कोश ठेवायचा, कागद आला की शब्द शोधायचा, असे माझे शिक्षण झाले.

पहिल्या दोन-चार वर्षांत मला जी विशेषणे आली, ती सगळी आम्हांलाच लावलेली होती. ‘इन्सबॉर्डिनेट’ म्हणजे आज्ञा न मानणारा, ‘इन्सोलंट’ म्हणजे उद्धट, ‘रायटस’ म्हणजे दंगेखोर. साहेबाला लावायचे विशेषण काही सापडेना. ते पुढे एका अर्जात भेटले.

एका कारखान्यात एका शनिवारी अकरा कामगारांना फाटकावर अडवले, गेटपास काढून घेतले. नोटीस नाही, आरोप नाही, चौकशी नाही. जो अधिकारी हे सांगायला आला, तो अतिशय गोड बोलला. ‘‘बसा, चहा घ्या, निर्णय वरून आलेला आहे,’’ म्हणाला. संध्याकाळी सभेत एक वयस्क कामगार मला म्हणाले, ‘‘भाऊ, साहेब वावगं काही बोललाच नाही. मग भांडायचं कशावर?’’ वकिलांनी अर्ज लिहिला, त्यात त्या कृतीला ‘हाय-हँडेड’ म्हटले होते. मी कोश काढला. अर्थ दिला होता : अरेरावीचा, मनमानी, जुलमी.

मला त्या वयस्क कामगाराचे उत्तर मिळाले. आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो अरेरावी. अरेरावी ही आवाजात असते. ती कानाला कळते, आणि आपण लगेच पेटतो. मनमानी मात्र कानाला कळत नाही. ती मऊ आवाजात, ‘कृपया’ म्हणून, चहा पाजूनही करता येते. दुसऱ्याला न विचारता, कारण न सांगता, त्याची बाजू न ऐकता त्याच्या पोटाचा निर्णय करणे, हे त्या विशेषणाचे मर्म आहे. शिवी दिली म्हणून आम्ही कितीतरी वेळा काम बंद पाडले असेल. पण गोड बोलून भाकरी काढून घेतली, तेव्हा गप्प घरी गेलेली माणसेही मी पाहिली आहेत.

आता या शब्दातला ‘हँड’ पाहा. इंग्रजीत हँड म्हणजे हात, आणि हँड म्हणजे कामगारसुद्धा. डिकन्सच्या १८५४ सालच्या ‘हार्ड टाइम्स’ कादंबरीत गिरणीतली माणसे ‘हँड्स’ याच नावाने ओळखली जातात. डोके नाही, पोट नाही, नुसते हात! नारायण मेघाजी लोखंडे यांच्या संघटनेचे नावही ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ असेच होते. फरक एवढाच, की त्या हातांनी १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळवून आपल्याला डोके आणि घर असल्याचे सिद्ध केले.

या शब्दाची वंशावळ तर त्याहून नवलाची आहे. १६११ साली इंग्लंडात राजा जेम्सच्या नावाने बायबलचे भाषांतर प्रसिद्ध झाले. त्यात ‘निर्गम’ या ग्रंथात इजिप्तमधून गुलामगिरी झुगारून निघालेले लोक ‘उंच हाताने’ बाहेर पडले, असे वर्णन आहे. म्हणजे न भिता, उजळ माथ्याने. पण ‘गणना’ या ग्रंथात मूळ हिब्रूत तोच शब्दप्रयोग जाणूनबुजून, उद्दामपणे केलेल्या अपराधाला लावलेला आहे. उंच हात गुलामाचाही असतो आणि उद्दामाचाही. पुढे इंग्रजीत विशेषण झाले ते मात्र उद्दामाचे. आमच्या मोर्च्यात मूठ वर जाते, तेव्हा मला तो पहिला अर्थ आठवतो. हात किती वर गेला, यापेक्षा तो कोणावर उगारला आणि कशासाठी वर केला, हे पाहावे लागते.

परंतु मित्रहो, विशेषण सापडले म्हणजे न्याय सापडला, असे नाही. कोर्टात नुसते ‘हाय-हँडेड’ म्हणून चालत नाही. कोणी केले, कोणत्या तारखेला, साक्षीदार कोण, हे विचारले जाते, आणि ते बरोबरच आहे. कायद्याने या एका विशेषणाची फोड करून ठेवली. १९७१ च्या महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यात, चौथ्या परिशिष्टात, कामावरून काढण्याचे अनुचित प्रकार एकेक करून सांगितले : सूडबुद्धीने काढणे, उघड खोट्या कारणासाठी काढणे, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून चौकशी उरकणे, किरकोळ चुकीला अवाढव्य शिक्षा देणे. तसेच १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालच्या नमुन्यात आज्ञाभंग हे गैरवर्तन ठरवले, पण आज्ञा ‘कायदेशीर आणि वाजवी’ हवी, अशी अट घातली. त्या दोन शब्दांवर कितीतरी संसार उभे राहिले.

मात्र तो १९४६ चा कायदा शंभर कामगारांच्या कारखान्याला लागू होई. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांसाठी ही संख्या तीनशे करण्यात आली. म्हणजे अडीचशे माणसांच्या कारखान्यात लेखी नियमांचा तो आधार राहत नाही. आणि जिथे लेखी नियम पोचत नाही, तिथे हात आपोआप उंच होतो.

आज तर तो हात दिसतही नाही. घरोघर जेवण पोचवणाऱ्या मुलाचा आयडी सकाळी बंद झालेला असतो. मोबाइलवर नम्र भाषेत संदेश येतो. ओरडायला समोर साहेब नाही, फाटक नाही, मुकादम नाही. अरेरावी शून्य, मनमानी पुरेपूर! या मुलांनी मागायचे ते हेच : कारण सांगा, बाजू ऐका, आणि ऐकणारा माणूस असू द्या.

शेवटी एक सांगतो. हे विशेषण फक्त मालकासाठी राखून ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. संघटनेच्या कार्यालयातही एक खुर्ची असते. सभासदांना न विचारता जो पुढारी करारावर सही करतो, त्याचा हात उंचच. घरात मुलीचे शिक्षण तिला न विचारता थांबवणारा बाप कितीही मायाळू आवाजात बोलला, तरी त्याचा हात उंचच. ज्याला आपल्या घरात आणि आपल्या कार्यालयात विचारण्याची सवय आहे, त्यालाच साहेबाला ‘आम्हांला का विचारले नाही?’ असे विचारताना बळ येते.