पुस्तकातले गाव आणि गावातला वाचक

(मालवण तालुक्यातील आचरा येथे ग्रंथालय कार्यकर्ते, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या कादंबरीविषयी अभिप्राय कोणाचा घ्यावयाचा, असा प्रश्न निघाला की समीक्षक व प्राध्यापक यांची नावे पुढे येतात. ज्या मुलखावर ती लिहिली गेली त्या मुलखातील वाचकाला तिच्याविषयी काय वाटले, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. कोकणच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. श्री. ना. पेंडसे, चिं. त्र्यं. खानोलकर, जयवंत दळवी व मधु मंगेश कर्णिक यांनी कोकणचा एकेक कोपरा मराठी वाङ्मयात आणला. त्यांच्या पुस्तकांवर पुण्या-मुंबईत पुष्कळ लिहिले गेले. किनाऱ्यावरच्या वाचकाचे मत मात्र ओटीवरच्या गप्पांत निघाले आणि तेथेच विरले.

दूरच्या वाचकाला सारे कोकण एक वाटते. 'गारंबीचा बापू' ही पेंडशांची कादंबरी 1952 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला निसर्ग, तिच्यातली माणसे व त्यांची बोली ही दापोलीकडची. आचऱ्याचा वाचक ती उघडतो तेव्हा माड-पोफळी त्याच्या ओळखीच्या असतात. पण संवाद कानावर पडताच ही माणसे आपल्या मालवणीत बोलत नाहीत, हे त्याला चटकन उमगते. बापू व राधा यांच्याविरुद्ध उभा राहणारा गाव मात्र त्याला परका वाटत नाही. असा गाव कोठेही असतो. आर. के. नारायण यांचे मालगुडी तर कोणत्याही नकाशात नाही, तरी अनेक प्रांतांतल्या वाचकांनी त्याला आपल्या शेजारचे गाव मानले.

खानोलकरांच्या बाबतीत अंतर अधिक आहे. त्यांची 'कोंडुरा' 1966 सालची. पुढे श्याम बेनेगल यांनी तिच्यावर हिंदी व तेलुगू अशा दोन भाषांत चित्रपट काढला. या कादंबरीतील दैवी प्रसाद आणि त्यापायी होणारी एका माणसाची वाताहत शहरातील वाचकाला गूढ वाटते. तो तिला प्रतीक म्हणतो. आचऱ्याच्या वाचकाला देवाचा कौल, गाऱ्हाणे, राखणदार हे शब्द प्रतीक म्हणून भेटलेले नाहीत. गावचे निर्णय रामेश्वराच्या कौलाने होताना त्याने पाहिले आहेत. म्हणून तो कोंडुरा खरा की खोटा, या प्रश्नात अडकत नाही. ज्याला प्रसाद मिळाला त्याने त्याचे काय केले, असे तो विचारतो. कादंबरीच्या गाभ्याशी हा प्रश्न अधिक जवळचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पण खरी कसोटी लागते ती परमुलखातील पुस्तकाच्या वेळी. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 साली पुस्तकरूपाने आली. माणदेशातील धनगरांची वस्ती, तेथे आलेला तरुण शाळामास्तर, लोकांच्या अंगमेहनतीने उभी राहिलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेले गाव. शिक्षकांनी तर हे पुस्तक अवश्य वाचावे. शाळा उघडण्यापूर्वी गावाचा विश्वास कसा मिळवावा लागतो, हे त्यात एकाही उपदेशाशिवाय आले आहे. आता, ज्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वहाळ रस्त्यावर येतात तेथील वाचकाला पाण्याविना मरणारी मेंढरे कशी दिसणार? शंका रास्त आहे. तथापि ओस गाव म्हणजे काय, हे आचऱ्याला सांगावे लागत नाही.

आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव वेशीबाहेर जातो. गुरे, कोंबड्या, कुत्री बरोबर असतात. तीन दिवस, तीन रात्री माणसे राहुट्यांत काढतात. मागे घरे बंद, चुली थंड, वाटा निर्मनुष्य. देवाने पुन्हा कौल दिला की गाव परततो आणि चुली पेटतात. ज्याने हे अनुभवले आहे तो 'बनगरवाडी'ची अखेरची पाने वाचताना एका जागी थबकल्याशिवाय राहणार नाही: तेथे परतीचा कौल नाही.

मग त्याला तिसरे रिकामेपण आठवते, आणि ते या किनाऱ्याचे आहे. चाकरीसाठी मुंबईस गेलेल्यांची घरे गणपतीला, होळीला उघडतात व पुन्हा कुलूपबंद होतात. आरवलीच्या दळवींचे 'चक्र' व करूळच्या कर्णिकांची 'माहीमची खाडी' (1969) या दोन्ही कादंबऱ्या मुंबईच्या झोपडवस्तीच्या आहेत. कोकणचा मुलूख ज्यांनी रंगविला त्यांनीच त्या लिहिल्या, हा निव्वळ योगायोग नव्हे. ज्या घरातला मुलगा त्या शहरात खोली शोधतो आहे, त्या घरात या पुस्तकांचे वाचन निराळे होते.

हे सारे कोठे लिहिले जाते? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला. मान्यताप्राप्त ग्रंथालयांस त्यामुळे अनुदानाचा आधार मिळाला आणि ग्रंथांची व सभासदांची नोंद व्यवस्थित राहू लागली. देवघेवीच्या नोंदवहीवरून कोणते पुस्तक किती वेळा बाहेर गेले ते कळते; वाचून परत देणाऱ्याला काय वाटले ते कळत नाही. त्यासाठी निराळे अनुदान नको. देवघेवीच्या टेबलावर एक दोनशे पानी वही आणि दोरीने बांधलेले पेन पुरेसे आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याचे बोलणे सातवी-आठवीतल्या विद्यार्थ्याने उतरून घ्यावे. मुलांचेही त्यात शिक्षण होईल. पंचायतीने वर्षातून एकदा त्यातील काही पाने गावापुढे वाचून दाखवावीत.

एक पथ्य मात्र पाळावे. ही मते मालवणीतच उतरावीत. शिक्षकांनी ती प्रमाण मराठीत सुधारू नयेत. आणि पुस्तक आवडले नाही, लेखकाला आमचा गाव कळलाच नाही, असे कोणी म्हणाले, तर ते पान फाडू नये.