चलान म्हणजे निकाल नव्हे

पुण्यांतील एका घराची कल्पना करावी. घरांतील गृहस्थ नोकरींतून निवृत्त झालेले, मुलगी शिक्षण संपवून नोकरीस लागलेली, आणि दारांत दहा वर्षें वापरलेली स्कूटर. मुलगी आतां कंपनीच्या बसनें जाते. तेव्हां स्कूटर विकून टाकावी असें ठरतें. ओळखीचा एक तरुण ती पाहावयास येतो. गाडी चालवून पाहतो, किंमत ठरते, चहा होतो; आणि मग थोड्या संकोचानें तो म्हणतो, "काका, गाडी पसंत आहे. पण नंबरावर कांहीं चलान बाकी आहे का, तें एकदां पाहून घेऊं या." गृहस्थांना हा प्रश्न मनांतून रुचत नाहीं. इतकीं वर्षें वाहन चालवून रहदारीच्या पोलिसानें त्यांना एकदांही थांबविलेलें नसतें. तरुण मोबाइलवर वाहनाचा क्रमांक घालतो, आर.सी. पुस्तकावरून इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक घालतो, आणि एक नव्हे, दोन नव्हे, पांच नोंदी समोर येतात. तीन हेल्मेट न घातल्याच्या, एक नो-पार्किंगची, आणि पांचवी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याची.

अशा वेळीं घरांत दोन मतें निघतात. "अहो, किती ते पैसे? भरून टाका आणि मोकळे व्हा," हें एक मत. "जो गुन्हा केलाच नाहीं, त्याचा दंड कशाला? एक पैही भरणार नाहीं," हें दुसरें. दोन्ही मतें सरळ मनाचीं आहेत आणि दोन्ही उतावळीं आहेत. कारण पांचांपैकीं एकही नोंद अद्याप कोणीं नीट वाचलेली नाहीं.

येथें पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती ही, कीं चलान म्हणजे निकाल नव्हे. अमुक दिवशीं, अमुक ठिकाणीं, अमुक क्रमांकाच्या वाहनानें कायद्याचें अमुक कलम मोडलें, असा तो आरोप आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें २०० वें कलम कांहीं अपराधांच्या बाबतींत तडजोडीची सवलत देतें. राज्यसरकारनें ठरविलेली रक्कम भरली, कीं प्रकरण तेथेंच मिटतें. बोलण्यांत ज्याला दंड म्हणतात, ती बहुधा ही तडजोडीची रक्कम असते. अर्थात् ती भरणें म्हणजे आरोप मान्य करणें होय. खरा आरोप मान्य करण्यांत कमीपणा नाहीं. खोटा आरोप केवळ कटकट टळावी म्हणून मान्य करण्यांत शहाणपण नाहीं.

पूर्वी चौकांतला पोलीस शिट्टी वाजवी, वाहन बाजूस घ्यावयास लावी आणि पावती हातांत देई. मालकाला आपला अपराध त्याच क्षणीं कळे. वाद घालावयाचा तर तोही तेथल्या तेथें घालतां येई. मुंबईंत २०१६ सालीं ई-चलान सुरू झालें, पुढें तें राज्यभर पसरलें, आणि पोलिसांच्या हातांतील यंत्र व रस्त्यावरील कॅमेरा हे दोघेही नोंद करूं लागले. आतां अपराध एके ठिकाणीं नोंदला जातो आणि मालक दुसऱ्या ठिकाणीं असतो. ह्या दोहोंना जोडणारा मुख्य धागा म्हणजे वाहनाच्या नोंदणींत दिलेला मोबाइल क्रमांक. वरील गृहस्थांनीं आपला क्रमांक चार वर्षांपूर्वीं बदलला; आर.टी.ओ.च्या दप्तरीं मात्र जुनाच राहिला. संदेश निघत होते, पण ते ह्या घरीं पोंचत नव्हते.

नोंद शोधण्याचें काम अवघड नाहीं. मात्र पाहावयाचीं ठिकाणें तीन आहेत. पहिलें, महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचें ई-चलानाचें संकेतस्थळ व त्यांचें 'महाट्रॅफिक' हें ॲप. दुसरें, केंद्रसरकारच्या 'परिवहन' सेवेचें ई-चलानाचें संकेतस्थळ. सुटींत गाडी घेऊन दुसऱ्या राज्यांत जाऊन आलेल्या कुटुंबानें तेंही अवश्य पाहावें. तिसरें, आभासी न्यायालय, म्हणजे व्हर्च्युअल कोर्ट. बाहेर न मिटलेलीं प्रकरणें न्यायालयाकडे पाठविलीं जातात. रहदारीच्या अशा प्रकरणांसाठीं महाराष्ट्रांतील आभासी न्यायालयाचें उद्घाटन नागपुरांत ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं झालें. त्याच्या संकेतस्थळावर वाहनाच्या किंवा चलानाच्या क्रमांकावरून प्रकरण शोधतां येतें. एका दप्तरांत नोंद दिसली नाहीं, एवढ्यावरून ती कोठेंच नाहीं असें समजूं नये.

शोधतांना एक सावधगिरी हवी. चलानाच्या नांवानें खोटे संदेश पाठवून लोकांना लुबाडण्याचा धंदा अलीकडे बोकाळला आहे. 'आपलें चलान पाहण्यासाठीं ही फाइल उघडा' असा संदेश व्हॉट्सॲपवर येतो. फाइल उघडून ॲप उतरवून घेतलें, कीं बँकेचें खातें उघडें पडतें. म्हणून संदेशांतील दुव्यावर बोट ठेवूं नये. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः लिहावा, आणि तो सरकारी आहे कीं नाहीं, म्हणजे शेवटीं 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे कीं नाहीं, तें पाहावें.

नोंद सांपडली म्हणजे ती वाचावयाची. ऑगस्ट २०२१ मध्यें केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालण्यांत आला. यंत्रानें टिपलेल्या अपराधाच्या चलानाबरोबर काय असावें, हें त्या नियमानें सांगितलें: अपराध व नंबरप्लेट स्पष्ट दाखविणारें छायाचित्र, यंत्रानें केलेलें मोजमाप, दिनांक, वेळ, स्थळ, आणि कोणती तरतूद मोडली तिचा निर्देश. हा पुरावा सरकारच्या सोयीसाठीं जितका आहे, तितकाच मालकाच्याही सोयीसाठीं आहे.

आतां त्या गृहस्थांच्या पांच नोंदींकडे पुन्हां वळावें. नो-पार्किंगच्या नोंदींतलें छायाचित्र पाहतांच त्यांना तो दिवस आठवतो; बँकेंत पांच मिनिटांचें काम होतें, आणि पाटी दिसत असूनही गाडी तेथेंच लावली होती. पांचवी नोंद पाहून मात्र ते चकित होतात. द्रुतगती मार्गावर दुचाकी वाहनांना मुळांत प्रवेशच नाहीं. तेव्हां स्कूटर तेथें वेगानें धांवणार कशी? छायाचित्र मोठें करून पाहिलें तों त्यांत एक पांढरी मोटार निघते, आणि तिच्या नंबरप्लेटवर जेथें आठाचा अंक आहे, तेथें चलानांत तिनाचा अंक वाचलेला दिसतो. यंत्राची ही चूक रकमेच्या आंकड्यावरून कळली नसती. छायाचित्र पाहिलें म्हणून कळली.

अशा वेळीं काय करावें? चलानाची व छायाचित्राची प्रत जपून ठेवावी. आपल्या वाहनाचें, नंबरप्लेट दिसेल असें छायाचित्र आणि आर.सी. पुस्तकाची प्रत जोडून पोलिसांच्या ॲपवर किंवा वाहतूक शाखेच्या कार्यालयांत तक्रार नोंदवावी, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. छायाचित्रांतील वाहन आपल्यासारखेंच असून नंबरही आपलाच असेल, पण वाहन आपलें नसेल, तर गोष्ट अधिक गंभीर आहे. कोणी तरी आपला क्रमांक लावून हिंडत आहे, असा त्याचा अर्थ. तेव्हां पोलीस ठाण्यांत फिर्याद द्यावी. आज त्या क्रमांकावर चलान आलें, उद्यां अपघाताचा आळ येईल.

प्रकरण आभासी न्यायालयांत गेलें असेल, तर तेथेंही दोन वाटा मोकळ्या असतात: दंड भरणें, किंवा आरोप अमान्य करणें. अमान्य केल्यास प्रकरण नेहमींच्या न्यायालयापुढें जातें व तेथें बाजू मांडतां येते. तिसरी वाट लोकअदालतीची. तडजोडीस पात्र असलेलीं प्रकरणें तेथें मिटवितां येतात. परंतु विधि सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, ह्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें तेथील निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील चालत नाहीं, हें आधीं समजून घ्यावें. कोणत्याही वाटेनें जावयाचें तरी चलानावर किंवा नोटिशींत दिलेली मुदत पाळावी. गप्प बसणें ही मात्र वाट नव्हे. न उघडलेलें पत्र मनाला स्वस्थता देतें, पण प्रकरण पुढें चालतच राहतें.

वाहन विकतांना आणखी एक पथ्य आहे. पैसे घेऊन किल्ली दिली, म्हणजे विक्री पुरी झाली असें पुष्कळांस वाटतें. कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें, वाहन राज्यांतल्या राज्यांत विकलें असल्यास विकणाऱ्यानें चौदा दिवसांच्या आंत, व घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत, नोंदणी अधिकाऱ्याला कळवावयाचें असतें. नमुना २९ व ३० हे त्यासाठींच आहेत. २०१८ सालीं एका अपघाताच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें, कीं दप्तरांत ज्याचें नांव, तोच भरपाईच्या जबाबदारीपुरता मालक. मध्यें वाहन कितीही हातांतून गेलें असो. चलानाचा संदेशही दप्तरांतल्याच नांवाला शोधीत येतो.

राहिल्या हेल्मेटच्या तीन नोंदी. तिन्ही छायाचित्रांत स्कूटर त्यांचीच आहे, आणि चालविणारी त्यांची मुलगी आहे. ती बाजूला उभी राहून म्हणते, "बाबा, जवळच तर जायचें होतें." तीन नोंदींच्या तारखांत सात महिन्यांचें अंतर आहे. १२९ व्या कलमानें हेल्मेट सक्तीचें केलें आहे, आणि २०१९ च्या सुधारणेनें त्या अपराधास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवान्याची अपात्रता सांगितली आहे. पण गृहस्थांच्या मनांत तेव्हां कलमें नसतात. आपली मुलगी उघड्या डोक्यानें भर रहदारींतून जात होती, हें कॅमेऱ्यानें तीनदां सांगितलें, आणि बंद पडलेल्या एका मोबाइल क्रमांकामुळें तें घरांत कोणाला ऐकूंच आलें नाहीं, हा विचार त्यांना बोचतो.

चार नोंदींची रक्कम ते त्याच संध्याकाळीं भरतात, आणि पांचवीविरुद्ध तक्रार करतात. तिचा निकाल लागेपर्यंत स्कूटरचा व्यवहार थांबतो. तरुणाची त्याला हरकत नसते. नोंदणींतला मोबाइल क्रमांकही बदलून घेतला जातो. मुलीला रात्रीं उशिरां एका मैत्रिणीकडे जावयाचें असतें. ती किल्ली घेते, आणि गृहस्थ कांहीं न बोलतां कपाटावरचें हेल्मेट खालीं काढून, त्यावरची धूळ पुसून, तिच्या हातांत देतात.