छोट्या लाइनीची माणसं

आपल्या नागपुरात रेल्वेच्या दोन जाती होत्या, मोठी लाइन आणि छोटी लाइन. मोठ्या लाइनीवरून मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली. छोट्या लाइनीवरून कुही, उमरेड, भिवापूर, नागभीड. दुसऱ्या अंगाला सौंसर, छिंदवाडा. मोठ्या लाइनीचा प्रवासी सुटकेस घेऊन येई. छोट्या लाइनीच्या प्रवाशाजवळ मिरचीचं पोतं, भाजीची टोपली, नाहीतर नुकतंच जन्मलेलं करडू असे. दोन रुळांमधलं अंतर दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आज मला या गाडीविषयी बोलायचं आहे, आणि तिच्या शेजारून धावणाऱ्या आपल्या लाल डब्याविषयीही. कारण खेड्यातल्या माणसाच्या लेखी हे दोन प्रवास वेगळे नसतात. घरून निघायचं आणि दिवे लागेपर्यंत परत यायचं, एवढाच त्याचा हिशेब.

नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्याच्या डोंगरांत आणि वैनगंगेच्या खोऱ्याकडे या छोट्या लाइनी टाकल्या. इतवारी ते नागभीड हा १०६ किलोमीटरचा मार्ग त्यातलाच. तिकडे वऱ्हाडात कापूस होता, आणि कापूस असेल तिथे कंपनी येतेच. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने मूर्तिजापूर हे ठाणं धरून एक फाटा यवतमाळला नेला, ११३ किलोमीटरचा, आणि दुसरा अचलपूरला, ७६ किलोमीटरचा. पुलगाव-आर्वी ही ३५ किलोमीटरची धाकटी बहीणही याच कुळातली. कंपनीमागे होती किलिक निक्सन ही पेढी. लाइन कंपनीची, गाड्या चालवायच्या जी.आय.पी. रेल्वेने, असा करार. १९५१ च्या सुमारास देशभरच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण ही लाइन करारासह कंपनीकडेच राहून गेली.

हीच ती शकुंतला. या गाडीवर लिहिताना वर्तमानपत्रांना एक चमचमीत वाक्य फार आवडतं: 'स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांना खंडणी!' ते मला पटत नाही. किलिक निक्सन ही १८५७ साली मुंबईतच स्थापन झालेली पेढी, आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांकडे आली. मालक गोरा की काळा, हा प्रश्नच नव्हता. रूळ एकाचे, डबे दुसऱ्याचे, आणि रुळाखालचा सडलेला स्लीपर बदलायचा कोणी, हा प्रश्न होता. मालक म्हणणार, गाडी तुम्ही चालवता. चालवणारा म्हणणार, रूळ तुमचे आहेत. या वादात गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरवर आला. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, सत्तरहून अधिक वर्षं, या रुळांवर राबलं. मग डिझेल आलं. माणसं इतकी थोडी की गार्डानेच तिकिटं द्यायची आणि फाटकही त्यानेच लावायचं.

लोकांनी तिला शकुंतला हे नाव का दिलं असेल? माझ्यासारख्या कवितेच्या नादी लागलेल्या माणसाला वाटतं की नाव देणारा मोठा जाणता असावा. कालिदासाची शकुंतला दरबारात उभी राहते आणि राजाला तिची ओळखच पटत नाही. वऱ्हाडातल्या या शकुंतलेजवळ ओळखीची खूण म्हणून अंगठीऐवजी कराराचा कागद होता. दरबारातल्या कोणीतरी तो उघडून वाचावा, एवढीच तिची अपेक्षा. २०१६ साली तिच्या ब्रॉडगेजसाठी दीड हजार कोटींची घोषणा झाली. पण त्याच दशकात तिच्या गाड्या एकेक करून थांबल्या.

आता शेजारच्या रस्त्याकडे वळू. मोटारी आल्या तेव्हा रेल्वेवाल्यांना त्या दुश्मनासारख्या वाटल्या. मिचेल आणि किर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी १९३३ साली अहवाल दिला तोच मुळी या भांडणावर. बस रेल्वेचं उतारू पळवते, अशी तक्रार. नागपुरात सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्स्पोर्ट सर्व्हिसेस ही बस कंपनी होती. जुन्या मंडळींना तिच्या गाड्या आठवत असतील. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झालं. बस मुंबईच्या कार्यालयाची झाली, रेल्वे दिल्लीच्या मंत्रालयाची. कुहीची भाजीवाली मधल्या मध्ये उभीच राहिली. गाडी किती वाजता येते हे एस.टी.च्या कंट्रोलरला विचारू नये आणि बस किती वाजता सुटते हे स्टेशनमास्तरला विचारू नये, हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे.

मी जपान पाहिलेलं नाही. पण तिथल्या मिए नावाच्या प्रांताची एक हकीकत वाचनात आली आणि मी नकाशा काढून बसलो. कारण तिथेही आपलीच छोटी लाइन, तंतोतंत ७६२ मिलिमीटरची! १९४४ साली, युद्धाच्या धामधुमीत, त्या प्रांतातल्या रेल्वे आणि बस कंपन्या एकत्र करून एकच कंपनी केली गेली, तिचं नाव मिए कोत्सू. छोटी गाडीही तिचीच आणि बसही तिचीच. म्हणजे एकाच घरचे दोन मुलगे. १९६४ साली घर विभक्त झालं. रेल्वेचा भाग वेगळा झाला आणि वर्षभरात किन्तेत्सू या बड्या रेल्वे कंपनीत गेला. मिए कोत्सूकडे बस तेवढी राहिली. इथपर्यंत गोष्ट आपल्यासारखीच.

पुढची गोष्ट मात्र वेगळी आहे. योक्काइची हे तिथलं कारखान्यांचं शहर. तिथे या छोट्या लाइनीचा अवघा सात किलोमीटरचा तुकडा उरला होता. २०१२ साली किन्तेत्सूने सांगितलं की हा तुकडा आम्हाला परवडत नाही, रूळ काढून त्याच जागेवरून बस चालवू. इथे नगरपालिका मधे पडली. बोलणी झाली, आणि तीही गाडी चालू असताना. २०१३ साली तोडगा निघाला. रूळ, डबे, सारी मालमत्ता शहराने सांभाळायची, आणि गाडी चालवायला नवी कंपनी काढायची. तिच्यात मोठा हिस्सा किन्तेत्सूचा, पाव हिस्सा शहराचा. एप्रिल २०१५ पासून ती कंपनी गाडी चालवू लागली. डबे इतके अरुंद की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागावेत. आपल्या नागभीडच्या गाडीसारखेच!

त्या कंपनीचं नाव आहे 'आसुनारोउ'. जपानीत 'आसु' म्हणजे उद्या. 'उद्या होऊ या' असा त्या नावाचा भाव, आणि अरुंद रुळाच्या 'नॅरो' या शब्दावरही त्यात कोटी आहे. सात किलोमीटरच्या गाडीला असं नाव सुचणाऱ्या त्या अनाम कवीला माझा सलाम.

आपल्याकडे काय झालं? इतवारी-छिंदवाडा छोटी लाइन २०१५ च्या अखेरीला बंद झाली. ब्रॉडगेजवरून पूर्ण मार्गाची गाडी धावायला २०२१ उजाडलं. नागभीडची छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. ब्रॉडगेज नको असं कोणता नागपूरकर म्हणेल? मीही म्हणत नाही. ताशी वीस किलोमीटरच्या वेगाचं कौतुक कॅमेरा घेऊन एक दिवस येणाऱ्यांना. रोज त्या वेगाने दवाखान्यात जाणाऱ्याला ते नसतं. माझा प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. गाडी थांबली त्या दिवसापासून नवी गाडी येईपर्यंत तिच्यातली माणसं कोणी न्यायची?

एस.टी. नेईल, असं उत्तर मिळतं. एस.टी.ने नेलीही. पण छोट्या लाइनीचं तिकीट एस.टी.हून पुष्कळ स्वस्त होतं, आणि टोपलीला तिथे कोणी नाक मुरडत नसे. मग ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला एस.टी.चा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांचं दुखणं खरं होतं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्या महिन्यांत उमरेड-भिवापूर भागाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. रूळ उखडलेले, आगारात बसगाड्या उभ्या. उरली काळीपिवळी. दोन माणसांच्या जागेत चार बसलेली, आणि भाडं ड्रायव्हर मागेल ते.

उमरेड रोडवरच आपला ताजबाग आहे. ताजुद्दीन बाबांच्या उरुसाला या लाइनीने जथेच्या जथे यायचे. हिंदू कोण, मुसलमान कोण, हे त्या डब्यात विचारायची सोय नव्हती, कारण तिथे वळायलाही जागा नसे. लाइन बंद झाली तेव्हा नागभीडकडच्या एका ओळखीच्या म्हाताऱ्या आपांनी मला विचारलं, "बेटा, गाडी बंद केली ते ठीक. पण आमाले सांगाले कोनी आलतं का?"

आपांना नफा-तोट्याचा हिशेब सांगता आला असता. ब्रॉडगेजचे फायदे सांगता आले असते. पण त्यांनी विचारलं होतं ते वेगळंच.

मोतीबागेत २००२ सालापासून छोट्या लाइनीचं संग्रहालय आहे. तिथे जुनी इंजिनं रंग देऊन उभी आहेत. मुलांना घेऊन जरूर जा. पण इंजिन सांभाळण्याइतकंच वेळापत्रक सांभाळणंही जमायला हवं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब ही नवी ब्रॉडगेज लाइन सुरू झाली. ती यवतमाळमार्गे नांदेडपर्यंत न्यायची आहे. नागपूर-नागभीड, वर्धा-नांदेड, असे मार्ग तुकड्यातुकड्याने सुरू होतात तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या स्टेशनाबाहेर एक लाल डबा उभा असावा. गाडीला उशीर झाला तर त्याने थांबावं. आणि त्याची वेळ स्टेशनच्याच फळ्यावर खडूने लिहावी, मोठ्या अक्षरांत, म्हणजे आपांच्या नातवाला ती वाचून दाखवता येईल.