गोधडीचे सामान
(वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



मंडळात मी आजवर सतरंज्या घातल्या, चहा केला, वर्गणीचे पैसे मोजले. पण या टेबलामागे कधी उभी राहिले नव्हते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चारचौघींत बोलायचे म्हणजे जीभ टाळूला चिकटते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही चौघी गोधडीचे सामान आणायला पुण्याला गेला होता ना, तेच सांगा. स्मरणिकेतही घालू." तेव्हा सांगते. त्यात माझ्या एका चुकीचीही गोष्ट येईल. ती लपवली तर ही सहल कशासाठी काढली होती तेच कळायचे नाही.

सुरुवात झाली फोनवरून. माझी मुलगी हडपसरला असते. दिवस गेल्याचे तिने कळवले आणि लगेच म्हणाली, "आई, बाळाला विकतचे पांघरूण नको. आजीच्या हिरव्या लुगड्याची गोधडी शीव." मी "हो हो" म्हटले आणि फोन ठेवला. खरी गोष्ट अशी की ते लुगडे घरात नव्हतेच. माझी आई २००९ साली गेली. भावजयीने तिची सहा लुगडी आठवण म्हणून मला दिली, त्यांत हे हिरवे इरकल होते. लाल काठाचे, धुऊन धुऊन अगदी सायीसारखे झालेले. २०१२ च्या दिवाळीत मी घर आवरायला काढले. ट्रंक रिकामी हवी होती आणि नेमकी दारात बोहारीण आली. सहा लुगडी आणि ह्यांच्या दोन पँटी देऊन मी स्टीलचे पातेले घेतले. घासाघीस करून वर एक डावही उपटला. त्या दिवशी माझ्याएवढी हुशार बाई सासवडात नाही असे मला वाटले होते. पातेले अजून आहे. आजच्या चहाचे दूध त्यातच तापले आहे.

मुलीला हे सांगायचा धीर होईना. म्हटले, पुण्यात काय मिळत नाही? तसल्याच रंगाचे मऊ कापड आणू, शिवून देऊ, कोण ओळखणार आहे! बाकीच्या तिघींना मी एवढेच सांगितले की बाळासाठी सामान आणायचे आहे. आक्का, मास्तरीणबाई आणि गिरणीवाल्या वहिनी लगेच तयार झाल्या. बायकांना बाहेर पडायला कारण हवे असते, ते बाळाचे असले म्हणजे घरचेही काही म्हणत नाहीत.

दिवाळी झाल्यावर एका बुधवारी सकाळच्या एस.टी.ने निघालो. २०२३ च्या मार्चपासून आपल्याला अर्धे तिकीट झाले आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढे तर काहीच नाही. आक्का ७६ वर्षांच्या. त्यांचे तिकीट शून्य रुपयांचे आले, ते त्यांनी कनवटीला जपून ठेवले. स्वारगेटला उतरल्यावर मास्तरीणबाईंनी भुयारातली मेट्रो दाखवायचा हट्ट धरला. स्वारगेटची ही मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाली. सरकत्या जिन्यापाशी आक्का थबकल्या. मागे ही रांग! शेवटी वहिनींनी त्यांना दंडाला धरले आणि "गणपती बाप्पा मोरया" म्हणून दोघी एकदम पायरीवर चढल्या. बसून पदर सारखा करतो तोच मंडई आली. एकच स्थानक.

पहिले दुकान दोऱ्या-सुयांचे. तुळशीबागेच्या आसपास अशी पुष्कळ आहेत. मी रंग बघून रीळ उचलायला लागले, पण आक्कांनी माझा हात धरला. त्यांनी दोऱ्याचे टोक जिभेवर ओले केले आणि पांढऱ्या हातरुमालावर घासले. लाल रेघ उठली. "हा पहिल्याच धुण्यात सगळ्या गोधडीला कुंकू लावील," म्हणाल्या. दुसऱ्याचा रंग पक्का निघाला. मग त्याचा वीतभर तुकडा घेऊन त्या दुकानाबाहेर गेल्या आणि चहावाल्याकडून काडी मागून तो पेटवला. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटात चुरते. नायलॉन-पॉलिस्टर असले तर ते आक्रसते आणि शेवटी कडक मणी होतो. असला दोरा मऊ जुन्या कापडाला हळूहळू कापीत जातो, म्हणून गोधडीला नको. दुकानदार आधी रागावला होता, पण चार रिळे आणि सुयांची दोन पाकिटे घेतल्यावर स्वतःच म्हणाला, "आजी, अशी गिऱ्हाइके आता राहिली नाहीत." अंगुस्तान मात्र माझ्या बोटाच्या मापाचे मिळाले नाही.

तुळशीबागेतल्या रामाचे दर्शन घेतले, बाहेर एका कडेला बसून भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथून रस्त्यातच एक मोठे काचेचे दुकान लागले. आत "गोधडी" म्हणून पाटी लावून एक पांघरूण टांगलेले. लांबून पाहिले तर शंभर चौकोन जोडल्यासारखे. वहिनी जोड शोधायला नख फिरवू लागल्या, फिरवू लागल्या, आणि जोड कुठेच नाही! चौकोन छापलेले होते. आत फायबर, वरून यंत्राची शिलाई. वजनाला हलके, दिसायला छान; वाईट म्हणायचे कारण नाही, पण नाव दुसरे द्यायला हवे होते.

त्याच दुकानात काउंटरच्या मागे मात्र एक खरी हातची गोधडी होती. किंमत साडेसहा हजार. आक्कांनी ती उलटी करायला सांगितली. गोधडी पालथ्या बाजूने वाचायची असते. बोटे फिरवत म्हणाल्या, "ही तिघींनी शिवली आहे. या कडेचीचा टाका बारीक, जोंधळ्याएवढा. हिचा डावीकडे कलतो. आणि ही तिसरी घाईत होती, तिच्या घरी लहान मूल असेल." दुकानातली मुलगी ऐकत राहिली. आक्कांनी तिला विचारले, "या तिघींना काय दिले गं?" तिला ते माहीत नव्हते, आणि त्या पोरीला तरी कसे असणार! आपल्या मंडळाने मागच्या वर्षी प्रदर्शनात मोठ्या गोधड्या आठशे-आठशेला दिल्या. एकेकीला तीन आठवडे बसावे लागले होते. चिटणीसबाईंनी आणि कमिटीने याचा एकदा हिशेब मांडावा, एवढे मी या निमित्ताने म्हणून ठेवते.

मग गादीवाल्याकडे डोकावलो. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, त्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीभर ऐकू जायचा. इथे यंत्र होते. एकीकडून गाठी झालेला कापूस घालायचा, दुसरीकडून ढगासारखा बाहेर. दुलईत असा कापूस भरतात, गोधडीत मात्र कापडावर कापडच असते, हा फरक मास्तरीणबाईंनाही नीट ठाऊक नव्हता. वहिनींनी सावरीच्या कापसाची एक उशी घेतली आणि दिवसभर ती काखेत वागवली.

आता माझे खरे काम. रविवार पेठेत, कापडगंजात गेलो. एका दुकानात मी म्हटले, "हिरवे सुती दाखवा, पण मऊ पाहिजे, वापरल्यासारखे." त्यांनी गठ्ठ्यावर गठ्ठे उलगडले. खणाचे, छिटाचे, मलमलीचे. प्रत्येकाला हात लावला की खळ लागे. शेवटी दुकानदार हसून म्हणाले, "ताई, मी नवे कापड विकतो. ते मऊ घरी होते, दहा-वीस वर्षांनी." साधे बोलले बिचारे, पण माझ्या डोळ्यांत पाणी आले. कापड बघता बघता बाई रडते म्हटल्यावर तिघींनी मला बाहेर ओट्यावर बसवले. तिथे मग मी पातेल्याची सगळी हकीकत सांगितली. डावासकट.

मला वाटले आक्का बोलतील. वहिनीच बोलल्या, "माझ्या सासूबाईंची गेली वरती एका बादलीत." मास्तरीणबाई म्हणाल्या, "आमच्या आईची आम्ही जाळली." थोडा वेळ कुणीच काही बोलेना. मग आक्का उठल्या आणि म्हणाल्या, "आज बुधवार ना? मग जुन्या बाजारात चला."

जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. जुनी हत्यारे, कुलपे, नाणी, बूट, रेडिओ, सगळे रस्त्याच्या कडेला मांडलेले. कपड्यांचे ढीग एका बाजूला. आम्ही पाऊण तास ढीग उपसले. बरेचसे सिंथेटिक. त्यातून सुई घसरते आणि ते घामही टिपत नाही. एका ढिगाच्या तळाला मात्र हिरवा रंग दिसला. ओढला तर इरकल! काठ लाल. माझ्या छातीत धस्स झाले. पण ते आईचे नव्हते. आईच्या काठाला पिवळी रेघ होती, याला नव्हती. विकणारी म्हणाली शंभर, आम्ही ऐंशीला घेतले.

घेतले खरे, पण वहिनी कुरकुरल्या, "कुणाचे, कुठल्या घरचे, बाळाच्या अंगाला?" मलाही तीच शंका आली होती. तेव्हा आक्का म्हणाल्या, "तुझ्या आईची सहाही अशीच कुणीतरी ढिगातून उचलली असतील. तिने विचारले असते कुठल्या घरची, तर तुला काय वाटले असते?" स्वारगेटपर्यंत मग कुणी तो विषय काढला नाही.

घरी आल्यावर लुगडे धुण्याच्या सोड्यात उकळले, तीन दिवस उन्हात टाकले. पदर रेशमी असतो, तो लहान बाळाला नको म्हणून कापून काढला. कासोट्याकडचा विरलेला भाग काढला. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्यातले साडेपाच चांगले उरले. त्याच्या पाच घड्या घातल्या की बाळाच्या मापाचा चौकोन होतो. जमिनीवर पसरून मधून कडेला हात फिरवीत सुरकुत्या काढायच्या, लांब कच्चे टाके घालायचे, आणि मग काठापासून आत, फेऱ्यावर फेरा, धावदोरा. पाचव्या दिवशी मला त्यात एक रफू सापडले. बोटाएवढे. त्या बाईने त्याच लुगड्यातला दोरा ओढून इतके बारीक भरले होते की तोवर मला दिसलेच नव्हते. ती घडी मी उलटवली आणि रफू वरच्या बाजूला घेतले.

कापडगंजात त्या दुकानदारांना उगाच त्रास दिला म्हणून दोन मीटर मलमल घेतली होती. तिची चार झबली झाली. मलमल आधी पाण्यातून काढा बरे का, नाहीतर आटते.

मुलगी गेल्या आठवड्यात बाळंतपणासाठी आली आहे. ती तिथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. परवा रात्री तिला सगळे सांगितले. रागावेल वाटले होते. ती बराच वेळ त्या रफूवर बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "मग आजीचे हिरवे आता कुणाच्या घरी असेल गं?" तिला काय उत्तर द्यावे ते मला अजून सुचलेले नाही.

गोधडी त्या खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली आहे. आक्कांचा टाका कोणता आणि माझा कोणता ते उलट बाजूने ओळखा. फक्त आधी हात धुवा, तिळाच्या लाडवांचे ताट फिरून गेले आहे.